पाऊण लाखाचे अंथरूण

बारावी झाली की मुलांच्या मागण्या बदलतात. आमच्या चिरंजीवांनी मोटारसायकल मागितली नाही. मागितला तो गेम खेळण्याचा कॉम्प्युटर, तोही सुटे भाग आणून घरी जोडायचा. धाकटीची फी त्याच महिन्यात भरायची होती. पाऊण लाख, मॉनिटर आणि जीएसटी धरून, त्यावर एक रुपया नाही, असे मी सांगून टाकले. सौ.चे माहेर धारवाडचे. ती म्हणाली, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’ अंथरूण दोन्ही भाषांत तेवढेच लांब!

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. एक वस्तू घेण्यासाठी जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. चिरंजीवांच्या पहिल्या यादीत आठ कोअरचा प्रोसेसर, पाण्याने थंड होणारा कूलर आणि रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट होते. ग्राफिक्स कार्डासाठी उरले बारा हजार. गेममधले चित्र उभे करण्याचे मुख्य काम त्या कार्डाचे. म्हणजे दिवाणखाना सजवला आणि चुलीला पैसे उरले नाहीत.

मी एवढेच म्हटले, ‘आधी पडदा ठरव, मग मागे ये.’ फुल एचडी पडद्यावर सुमारे वीस लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. तेवढे ठिपके रंगवायला कार्डही तसेच दांडगे लागते. त्याने फुल एचडी ठरवला. मग पुढची गणिते आपोआप सुटत गेली. सर्वांत मोठा वाटा कार्डाला. प्रोसेसर सहा कोअरचा, २०१६ साली आलेल्या एएम-४ सॉकेटवर बसणारा. कारण त्याला आधीच्या पिढीची डीडीआर-४ रॅम चालते. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या, म्हणून १६ जीबीवर थांबलो. तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती एकदम ये-जा करते.

खटका उडाला तो पॉवर सप्लायवरून. हा डबा कुणाला दिसत नाही, म्हणून मुलांची कात्री आधी तिथेच चालते. पण सगळ्या भागांना वीज पुरवतो तोच. आमच्याकडे वळवाच्या दिवसांत वीज कशी नाचते, हे वाचकांना सांगायला नको. हलका डबा बिघडला तर स्वतःबरोबर शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. इथे मी हटलो नाही. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी नवी यादी टेबलावर आली. रंगीत दिवे आणि पाण्याचा कूलर त्याने स्वतःच खोडले होते. बेरीज त्र्याहत्तर हजार आठशे.

गेमपायी अभ्यास मागे पडेल का, ही धास्ती माझ्या मनात अजून आहे. ती कुठल्याही यादीने जाणारी नाही. पण मित्रांना दाखवायची वस्तू कोणती आणि आपल्याला लागणारी कोणती, हे त्याने स्वतः पेन्सिल घेऊन वेगळे केले. माझ्या व्याख्यानाने ते झाले नसते. पालकहो, घरात अशी मागणी आली तर आकडा आधी आपण सांगावा आणि यादी मुलांना करू द्यावी. प्रत्येक भागाचे बिल मात्र जपून ठेवावे. वॉरंटी भागागणिक वेगळी असते.