तिसरा हिस्सा

आरे-वारेच्या चढणीवर क्षणभर थांबून समुद्राकडे पाहावयाचे, हा आमचा जुना परिपाठ आहे. एका अंगास आरेची पुळण, दुसऱ्या अंगास वारेची, मधे डोंगराची सोंड आणि खालच्या सुरूच्या बनातून अखंड येणारा वाऱ्याचा घोष. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघालेले प्रवासी येथे उतरून छायाचित्रे काढतात. आमचे वडील या जागी उभे राहून सृष्टिसौंदर्याविषयी काही बोलल्याचे मात्र आम्हांस स्मरत नाही. ते उत्तरेकडे हात करीत व एवढेच म्हणत, "मुंबई तिकडे."

आयुष्याची बावीस वर्षे त्यांनी लालबागच्या एका गिरणीत काढली. पहिली काही वर्षे ते बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी दारावर जाऊन उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तर आत जायचे. राहणे गावकऱ्यांच्या खोलीत. दहा-बारा माणसे एका खोलीत राहत. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या वळकट्यांच्या जागी आपल्या वळकट्या पसरी. दाट वस्ती म्हणजे काय, हे त्यांना कोणी नगररचनाकाराने सांगावे लागले नसते. दर महिन्याला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आमच्या दारी येई. तीवर घर चाले आणि आमच्या शाळेची फीही भागे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचे कोणी कधी रीतसर जाहीर केले नाही. पोस्टमन आमच्या दारावरून पुढे जाऊ लागला, तेव्हा आम्ही कोवळ्या वयाचे होतो. वर्षाअखेरीस वडील एक ट्रंक घेऊन गावी परतले. त्यांची हजेरीची कार्डे त्या ट्रंकेत तळाशी, कोऱ्या कापडात गुंडाळलेली होती.

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ ती कार्डे व एक टंकलिखित कागद घेऊन आमच्या निवासस्थानी आला. वडिलांच्या पश्चात आम्ही तिघे वारस, दोघे भाऊ व एक बहीण. गिरणी कामगारांच्या घरासाठीचा अर्ज भावाच्या नावे पुढे चालवायचा, तर बहिणीने आणि आम्ही आपापला तिसरा हिस्सा सोडल्याचे लिहून द्यायचे होते. "दादा, तू सही कर म्हणजे झालं. तुला घर घेऊन काय करायचंय?" तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरेच होते. आमचीही नोकरी बदलीचीच. महागुरुस्वामींचे पत्र आले की चार पुस्तके बांधून निघायचे. तरीही लेखणी हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसून राहिलो. "तिसरा हिस्सा" हे शब्द आम्ही पूर्वी दुसऱ्या एका कागदावर वाचले होते.

मुंबईत ५८ गिरण्या होत्या. त्यांच्याखालची जमीन सुमारे ६०० एकर. उद्योगासाठी राखलेली ती जमीन निवासासाठी व व्यापारासाठी खुली करावी काय, हा प्रश्न संपानंतर उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे उत्तर दिले. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर तिचे तीन वाटे व्हावेत. एक महापालिकेकडे, उद्याने व मैदानांसाठी, दुसरा म्हाडाकडे, सर्वसामान्यांच्या घरांसाठी, तिसरा मालकाकडे. पुढे शासकीय गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्यासाठी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९६ साली तिचा अहवाल आला व तसाच राहिला.

२००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता, केवळ तिच्यावरील मोकळ्या जागेची व्हावी, असा तिचा अर्थ होता. ज्याने गिरणी आतून पाहिली आहे, त्याला याचा हिशेब सांगावा लागत नाही. साच्यांची खाती, गोदामे, बॉयलर, धुराडे यांनी आवार भरून गेलेले असे. तेथे मोकळी जागा ती किती? आणि तिचा तिसरा हिस्सा तो केवढा? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अर्थाविरुद्ध निर्णय दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. १९९१ च्या नियमापोटी फार थोड्या मालकांनी जमीन दिली, कारण दोन वाटे देण्यापेक्षा गिरणी बंद ठेवणे त्यांना परवडत होते. गिरण्या आजारी होत्या, कामगारांची देणी थकली होती व जमीन विकल्यावाचून ती फिटणार नव्हती. हे सारे खोटे नव्हते. शहराला घरे हवी होती, हेही खरे. उंच इमारतींना आमचा विरोध नाही. जेथे बारा माणसे एका खोलीत राहिली, तेथे बारा मजले चढले तर त्यात वावगे काय? पण त्या मजल्यांवर कोण राहायला आले, हे विचारलेच पाहिजे.

२८ जून २०१२ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली. घरे ६,९२५ आणि अर्जदार सुमारे दीड लाख. घर २२५ चौरस फुटांचे. वडील त्या दिवशी ओटीवर बसून होते. त्यांचा नंबर लागला नाही. "कार्डे जपून ठेवा," एवढेच ते म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले. आता शासन शेलू व वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे करते. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेले कामगार व त्यांचे वारस म्हणत होते, आम्हांला घर मुंबईतच हवे.

आम्हांला सही करताना अडखळविणारी गोष्ट हीच होती. भावाला उद्या वांगणीचे घर मिळाले, तर वडील ज्या शहरासाठी राबले त्या शहरातला त्यांचा हिशेब चुकता झाला असे मानायचे काय? आम्ही हे बोलून दाखविले. भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, मोठ्याला नोकरी मुंबईची आहे. आज तो नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो. तुझा हिशेब बरोबर असेल, पण त्याला दर महिन्याला भाडं भरावं लागतं."

आम्ही ओशाळलो. तत्त्वाची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर तत्त्वनिष्ठ राहणे सोपे असते. आम्ही सही केली. हजेरीची कार्डे पुन्हा त्याच कापडात बांधून त्याच्या हाती दिली.

परतताना आरे-वारेच्या चढणीवर पुन्हा थांबलो. या किनाऱ्यावरही आता जमिनीची खरेदी-विक्री जोरात आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यातील फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करावी लागते व हरकती मांडण्यास महिनाभराची मुदत असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात ती येते. आमच्याकडे त्या पानात सुकी मासळी बांधली जाते.

अशा सूचना आम्ही आता मथळ्यापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो. "जमीन" लिहिले आहे की "मोकळी जमीन", हे दोनदा पाहतो. रविवारी मिस्सा संपल्यावर अंगणात ज्यांना ऐकायचे असेल, त्यांना ती वाचून दाखवितो. गेल्या खेपेस चौघेजण थांबले होते.