पुरात बुडालेलं इंजिन

‘इंजिन एकदा खोललंय’ म्हटल्यावर नेमकं काय समजायचं, हेच मला कळत नव्हतं. मामा म्हणाले, खोललेल्या इंजिनाची गाडी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, काम झालेलं आहे ना, मग उलट बरं, पुढची काही वर्षं बघायला नको. दोघांचीही हयात मोटारसायकलवर गेलेली. मी मात्र गिअरची गाडी नुकतीच, भावाच्या मागं लागून शिकलेली.

गाडी मला हवीच होती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट-एसएनएफची यंत्रं तपासायचं माझं काम. संकलन चालतं पहाटे आणि संध्याकाळी, आणि त्या वेळांना एसटी जुळत नाही. मणेराजुरीच्या पुढं आत शिरलं की रस्ता ट्रॅक्टरनं खणून काढलेला, तिथं स्कूटरची लहान चाकं आपटतात. म्हणून स्प्लेंडर. १८ इंची चाकं, ९७.२ सीसीचं साधं इंजिन, आणि पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो.

जी गाडी परवडत होती ती सांगलीच्या गावभागातल्या एका निवृत्त काकांची. २०१६ चं मॉडेल, एमएच १०. अशा गाडीला बाजारात चाळीसच्या पुढं मागतात, काका ३४ हजार म्हणत होते. कारण त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “गाडी पुरात होती ओ ताई. खोटं कशाला सांगू? आठवडाभर पाण्याखाली होती.”

पूर म्हणजे ऑगस्ट २०१९ चा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. माणसं माळ्यावरून बोटीत उतरली, तिथं गाडीचं कोण बघणार?

पुरात इंजिनाचं काय होतं, हे मला मिस्त्रींनी समजावलं. भावाच्या ओळखीचे, मिरज रोडला त्यांचं छोटं गॅरेज आहे. गाडीकडं बघायच्याही आधी त्यांनी काकांना एकच प्रश्न विचारला : “पाणी उतरल्यावर आधी ऑइल काढलं, का आधी किक मारली?”

काका म्हणाले, पुतण्यानं किक मारली. चार-पाच किकांत सुरूपण झाली, थोडा वेळ चालली. मग ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं.

मिस्त्रींनी मान हलवली आणि मग माझ्याकडं वळून सांगितलं. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. पाणी दाबलं जात नाही. आत पाणी भरलेलं असताना सेल्फ मारला किंवा गाडी गिअरमध्ये ढकलली, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इथं तसं झालं नव्हतं. पण पाणी मिसळलेल्या ऑइलला वंगणाचा दमच राहत नाही. त्या थोड्या वेळात पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडले. दोनेक महिन्यांत गाडी निळा धूर सोडायला लागली, तेव्हा काकांनी काम करून घेतलं : बोअर मारून ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून. बिल त्यांनी जपून ठेवलं होतं. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळं सगळा खर्च पदरचा.

“म्हणजे हाफ इंजिन,” मिस्त्री म्हणाले. “वरचं झालंय. खालचा क्रँक कुणी बघितलेलाच नाही.”

तिथं माझ्या डोक्यातला गोंधळ पहिल्यांदा जरा बसला. मामा आणि सहकारी दोघंही बरोबर असू शकत होते. ते इंजिनाच्या वेगवेगळ्या अर्ध्याबद्दल बोलत होते.

मग तपासणी सुरू झाली. मिस्त्रींनी काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, गाडी तापवून आणू नका. थंड इंजिनाला हात लावून खात्री केली, मग किक. प्लग काढला तर टोक तपकिरी, कोरडं. ऑइल जळत असतं तर काळं, ओलं निघालं असतं. गाडी तापल्यावर ॲक्सिलरेटर पिळून सोडला आणि मला सायलेन्सरमागं उभं केलं. पिळताना निळा धूर आला तर रिंगा, सोडल्यावर आला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील. दोन्ही वेळा काही दिसलं नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनाला. आधी हेडला, मग खाली क्रँककेसला. मलाही ऐकायला लावलं. वर टिकटिक होती, ती टॅपेटची, दहा मिनिटांत सेट होणारी. खाली नुसती घरघर. रॉडचं बेअरिंग गेलेलं असलं की खालून ठकठक येते म्हणे, आणि वेग वाढवला की ती वाढते.

इंजिन नंबरही बघितला. वायर ब्रशनं क्रँककेसवरचा मळ काढून आरसीशी ताडला. क्रँककेस बदललेली असेल तर नंबर बदलतो आणि त्याची नोंद आरटीओत करावी लागते. ती नसली तर गाडी आपल्या नावावर व्हायचे वांधे. नंबर जुळला.

याच सुमारास जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याच्या शेडमधली दुसरी एक स्प्लेंडरही मी बघून आले होते. पॉलिश केलेली, नवी सीट, ४१ हजार. पूर्वी काय काम झालंय म्हटल्यावर “काही नाही, सगळं ओके” एवढंच उत्तर. हेडच्या बोल्टांच्या कडा मात्र पाना फिरून घासलेल्या. ती गाडी मी सोडून दिली. जिचं इंजिन कुणी उघडलंय, पण का आणि काय केलं ते सांगणारं कुणी नाही, तिच्यापेक्षा काकांचं ते बिल मला मोलाचं वाटलं.

तरी क्रँकचा प्रश्न उरलाच. मिस्त्री म्हणाले, काका तयार असतील तर उजवं कव्हर उघडून बघू; गॅस्केट आणि ऑइलचा खर्च तुमचा. काका तयार झाले. या इंजिनात क्रँकच्या टोकाला एक फिरतं भांडं असतं. ऑइल त्यातून जाताना जड घाण बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन भिंतीला चिकटते, आणि गाळलेलं ऑइल पुढं क्रँकमधून रॉडच्या बेअरिंगला जातं. हे साफ करायला कव्हर काढावं लागतं, म्हणून बरेच जण ते करतच नाहीत. इथंही कुणी केलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी भांड्याच्या भिंतीवरचा थर स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला आणि माझ्या बोटांवर ठेवला. वरचा भाग काळा, मऊ, लोण्यागत पसरणारा. “चोळा की.” चोळत गेले तसा आतला, भिंतीलगतचा भाग हाताला लागला : तपकिरी, आणि बोटांत बारीक कचकचणारा. कृष्णेचा गाळ. २०१९ पासून तो तिथंच बसून होता, वर पुढच्या वर्षांचा काळा थर चढत गेलेला.

आता याचा अर्थ काय लावायचा? गाळ भांड्यानं धरला म्हणजे बेअरिंग वाचलं, असं म्हणता येतं. पण भांड्याच्या तावडीत न सापडलेला किती पुढं गेला, हे क्रँक पूर्ण खोलल्याशिवाय कळणार नाही. मी मिस्त्रींच्या तोंडाकडं बघत राहिले. ते म्हणाले, त्या कामानंतर गाडी १८ हजार किलोमीटर फिरलीय आणि रॉड वाजत नाही, एवढंच मी सांगू शकतो. गॅरंटी मागू नका. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं, म्हणूनच मला निर्णय घेता आला.

क्रँक, बेअरिंगं, मजुरी धरून फुल इंजिनाचा अंदाज मी त्यांच्याकडून लिहून घेतला : नऊ ते दहा हजार. काकांना तो कागद दाखवला आणि म्हटलं, काका, हे काम उद्याच निघेल असं धरून मी किंमत देते. निघालं नाही तर माझं नशीब. काका बराच वेळ कागद बघत बसले. काकूंनी आतून चहा आणला. २५ हजारांवर ठरलं.

कागदपत्रांत एक अडचण निघाली. कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवेपर्यंत मी पैसे दिले नाहीत, काकांनीही मागितले नाहीत. मग फॉर्म २९ आणि ३०, आणि विमा माझ्या नावावर.

पोस्टात दहा हजार वेगळे ठेवलेत, ते क्रँकचे. मिस्त्रींनी सांगितलंय, दर दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि काढलेलं ऑइल जुन्या बनियनच्या फडक्यातून गाळून चमकी दिसते का ते बघायचं. पहिल्यांदा गाळलं तेव्हा फडक्यावर एकदोन कण चमकले. मिस्त्री म्हणाले, एवढे चालतात. पुढच्या खेपेला वाढले तर गाडी थेट माझ्याकडं आणा.