निग्रह कोणाच्या जिभेचा?

अन्नाला पूर्णब्रह्म म्हणून पानावर हात जोडणारीं आपण माणसें. आणि तरीहि ‘जिभेचे चोचले’ हे शब्द आपल्या घरांत जितक्या तुच्छतेनें उच्चारले जातात, तितक्या तुच्छतेनें दुसरे क्वचितच उच्चारले जात असतील. तैत्तिरीय उपनिषदानें तर अन्नाची निंदा करूं नये, हें व्रतच सांगितलें आहे. मग खाण्याविषयींची ही अढी आपल्या मनांत आली कोठून?

तिचीं मुळें पुष्कळ जुनीं आहेत. पण महाराष्ट्रांत यादवकालीं तिचें रूप स्पष्ट दिसूं लागतें. तेराव्या शतकांत देवगिरीच्या हेमाद्रि पंडितानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ रचला. त्याच्या व्रतखंडांत तिथीतिथीचीं व्रतें व उपवास यांचा केवढा तरी संग्रह आहे. त्याच शतकांत चक्रधरस्वामींच्या अनुयायांनीं निराळी वाट धरली. घरोघर मागून आणलेलें अन्न चवीकडे न पाहतां खावें, हा त्यांचा आचार. एकाचा भर कर्मावर, दुसऱ्याचा वैराग्यावर. पण जिभेला आवरलें पाहिजे, याविषयीं दोघांचें एकमत! १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत मात्र, गीतेला अनुसरून, अति खाणारा जसा योगास अपात्र तसाच हट्टानें उपाशी राहणाराहि अपात्र, असा समतोल सहाव्या अध्यायांत सांगितला आहे. आपल्या घरांत तो फारसा रुजला नाहीं.

भरल्या कणगीपाशीं बसून अन्नाला तुच्छ लेखणें सोपें असतें. १६३० ते १६३२ या काळांत दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी त्यांतच अन्नावांचून गेली. तिच्यापुढें कोणी जिभेच्या निग्रहाचें प्रवचन केलें असतें काय? भूक सोसणें आणि निग्रह करणें या दोन गोष्टी दिसावयास सारख्या. परंतु एकींत निवड असते, दुसरींत नसते.

हें अंतर मला पुस्तकांनीं शिकविलें नाहीं. देहूची इंद्रायणी ज्या भीमेला मिळते, त्याच भीमेच्या आणि मुळामुठेच्या बेचक्यांत, दौंड तालुक्यांतील राहू येथें माझें आजोळ. मुलूख उसाचा. हंगामांत गुऱ्हाळाच्या काहिलींतून उकळत्या रसाचा वास थेट माजघरांत येई. त्या घरांत आजीची विधवा नणंद होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. सोळाव्या वर्षीं तिचें कुंकू पुसलें गेलें, तेव्हांपासून ती एकभुक्त. विधवेनें दिवसांतून एकदांच जेवावें, असें स्कंदपुराणाच्या काशीखंडांत सांगितलें आहे; तेवढा आधार घरांतील वडील मंडळींना पुरेसा होता. सोवळ्यानें साऱ्या घराचा स्वयंपाक तीच करी. पुरण नीट शिजलें कीं नाहीं, हें ती नुसत्या वासावरून सांगे. रात्रीं आमच्या पानाशीं बसून “आणखी एक घे” म्हणून आग्रह करी आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन निजे.

एकदां मीं तिला विचारलें, “आत्याआजी, तुला रात्रीं भूक नाहीं लागत?”

“लागते ग,” ती म्हणाली, “पण सांगायची कोणाला?”

आलेगेले लोक तिच्या तपाची वाखाणणी करीत. परंतु तप करणारा तें आपण होऊन आरंभितो, आणि मनांत आल्यास सोडूंहि शकतो. चक्रधरांच्या शिष्यांनीं चव सोडली ती स्वतःची. आत्याआजीची भूक इतरांनीं सोडविली होती, आणि पुण्य मात्र घराण्याच्या खातीं जमा होत होतें.

नियम अढळ असतात, असें कोणी म्हणेल. पण आपल्या एकादशीचें पान पाहावें! बटाटा, रताळें, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीज आदि युरोपीय व्यापाऱ्यांमुळें ते इकडे आले. हेमाद्रीला यांतील एकहि ठाऊक नव्हता. तरी ते उपासाला चालूं लागले, कारण घरांत ज्यांच्या शब्दाला वजन होतें त्यांच्या जिभेला ते रुचले. नियम वाकतो, तो कोणासाठीं वाकतो, एवढाच प्रश्न आहे. आत्याआजीसाठीं तो अखेरपर्यंत वाकला नाहीं.

ते दिवस गेले, हें खरें. तथापि आजहि किती घरांत साऱ्यांचीं जेवणें उरकल्यावर, उरलेल्या आमटींत गृहिणीचें पान मांडलें जातें! कुटुंबाच्या कल्याणासाठीं धरावयाचे उपासहि बहुधा तिच्याच वांट्याला येतात. व्रतांना माझा विरोध नाहीं; मी स्वतः चतुर्थी करतें. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, येत्या चतुर्थीला घरांतील सुनेचा उपास आहे कीं नाहीं, हें पंचांगांत पाहून ठरवूं नये. तिलाच विचारावें, आणि ती “नाहीं” म्हणाली, तर तिचें पान आपल्या पंक्तींत, आपल्याबरोबरच मांडावें.