पाच पावसाळ्यांनंतरची इमारत

वास्तुविशारदाचं शिक्षण पदवीपाशी संपतं, असं आपला कायदा मानतो. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार पदवी मिळाली की वास्तुकला परिषदेकडे नोंदणी होते आणि पुढे शुल्क भरत राहिलं की ती चालू राहते. मधल्या वर्षांत हा माणूस नवं काय शिकला, याची विचारणा होत नाही. ब्रिटनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या सभासदाला वर्षाला किमान ३५ तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या सभासदाला वर्षाला १८ एककं लागतात आणि त्यांतली १२ आरोग्य, सुरक्षितता आणि लोकहित याच विषयांतली असावी लागतात. आपल्याकडेही असा नियम हवा, या मागणीच्या बाजूचा मी आहे. पण तास मोजायला लागण्याआधी ते कुठे घालवायचे हे ठरवायला हवं. मला वाटतं, आपल्याला सर्वांत जास्त शिकवू शकते ती लोकांच्या वापरात असलेली, काही पावसाळे सोसलेली इमारत, आणि आपल्या बहुतेक कार्यक्रमांत नेमकी तीच नसते.

कार्यक्रम कमी नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जागतिक वास्तुकला दिन येतो, तेव्हा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या गावोगावच्या केंद्रांत व्याख्यानं होतात. मुंबईत बांधकाम साहित्याची मोठी प्रदर्शनं भरतात. गोव्यात चार्ल्स कोरिया फाउंडेशन ‘झेड-ॲक्सिस’ परिषद घेतं. वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघाचं अधिवेशन दर तीन वर्षांनी भरतं. २०२३ मध्ये ते कोपनहेगनला झालं, २०२६ साठी बार्सिलोना ठरलं. २०१६ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘स्टेट ऑफ आर्किटेक्चर’ हे प्रदर्शन भरलं, तेव्हा स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या कामाकडे व्यवसायानं एकत्रितपणे पाहिलं. अशा मेळाव्यांतून दृष्टी मिळते आणि ती स्वस्त वस्तू नाही. तरीही पडद्यावर काय दिसतं ते पाहा. बहुतेक छायाचित्रं ताब्याच्या आधीची असतात: खिडकीला पडदा नाही, गॅलरीत वाळत घातलेले कपडे नाहीत, एसीचं बाहेरचं यंत्र कुठेही टांगलेलं नाही, भिंतीवर पावसाचा ओघळ नाही. इमारतीचा जन्म आपण साजरा करतो; तिचं आयुष्य मात्र कोणी दाखवत नाही.

यामागे व्यवसायाची घडणच आहे. डॉक्टरचं औषध चुकलं तर रुग्ण परत येऊन सांगतो. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की वास्तुविशारदाचा इमारतीशी संबंध जवळजवळ संपतो. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात गळायला लागतो, तेव्हा सोसायटी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावते. छज्जा आखूड पडला म्हणून पश्चिमेच्या खोलीत ओल येते, तेव्हा राहणारा माणूस वर पत्रा ठोकतो. ज्याच्या रेघेमुळे हे झालं त्याला ते कळत नाही आणि पुढच्या नकाशात तीच रेघ पुन्हा येते. म्हणून ‘साइटवर अनुभव मिळतोच, वेगळं शिक्षण कशाला?’ या आक्षेपात मला अर्धंच तथ्य दिसतं. साइटवर बांधण्याचा अनुभव मिळतो. जे बांधलं ते कसं टिकलं, याचा अनुभव तिथे मिळत नाही.

या दुसऱ्या अनुभवाची किंमत महाराष्ट्राला किल्लारीनं दाखवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तो भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. त्या नकाशावर विसंबणं तेव्हाच्या ज्ञानाला धरूनच होतं. पुढे २००२ मध्ये भारतीय मानक सुधारलं गेलं आणि तो सर्वांत खालचा विभागच नकाशातून काढून टाकला गेला. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या पिढीला ही सुधारणा महाविद्यालयात भेटणं शक्यच नव्हतं. पण नकाशाहून मोठा धडा पडलेल्या घरांत होता. दगड-मातीच्या जाड भिंती आतल्या-बाहेरच्या दोन थरांत रचलेल्या होत्या आणि त्यांना एकत्र धरणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्यानं ते थर एकमेकांपासून सुटले आणि वरचं मातीचं जड माळवद माणसांवर आलं. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे काही घरांत भिंती ढासळूनही छप्पर उभं राहिलं. सुरक्षिततेचं ज्ञान त्याच गावात, त्याच गल्लीत होतं. त्या घरांपुढे उभं राहून जे कळतं, ते मानकातलं कलम वाचून पूर्ण कळत नाही. आणि कलम वाचलेलं नसेल तर समोर काय दिसतंय तेही नीट कळत नाही. दोन्ही लागतात.

चुन्याचं तसंच आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत. आता दुरुस्तीची कामं निघतील आणि ती कोण करणार, हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीचा श्वास कोंडतो. ओल आत अडकते, क्षार वर येतात, लोणा लागतो आणि काही वर्षांत गिलावा जुन्या दगडाची कडा घेऊनच सुटतो. हे वाक्य व्याख्यानात ऐकता येतं. पण कळीचा चुना विरवून किती मुरू द्यायचा, सुरखी किती घालायची, चुन्याच्या घाण्यात मळलेला माल हाताला कसा लागला म्हणजे तयार झाला, हे चुन्यात हात घातल्याशिवाय आणि जाणत्या गवंड्याशेजारी उभं राहिल्याशिवाय येत नाही. ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट मातीच्या बांधकामाचे वर्ग घेते, त्यात शिकणारा स्वतः विटा दाबतो. अशा कार्यशाळेचा एक तास वातानुकूलित सभागृहातल्या अनेक तासांइतका मोलाचा आहे. तासांची मोजणी करणाऱ्यांनी हा फरक नियमातच धरायला हवा.

नियमावलीवरच्या परिसंवादांना गर्दी होते, हे खरं आहे. डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. तिच्यातला एफएसआय आणि अ‍ॅन्सिलरी एफएसआय समजून घेणं ही रोजच्या कामाची गरजच आहे. पण किती बांधता येईल हे शिकण्याची जेवढी निकड वाटते, तेवढी जे बांधू ते आत किती तापेल याची वाटावी. निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता २०१८ पासून आहे. भिंती, खिडक्या आणि छज्जे मिळून घरात किती उष्णता शिरेल याला तिनं बहुतेक हवामानांसाठी चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा सुचवली आहे. हे गणित करून मग प्रत्यक्ष एका फ्लॅटमध्ये मे महिन्याच्या दुपारी तापमापक घेऊन बसावं. त्यानंतर खिडकी काढताना हात वेगळा चालतो.

लातूर, सांगली, चंद्रपूर इथे एकट्यानं कार्यालय चालवणाऱ्याला हे कसं परवडणार, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. बार्सिलोनाचं तिकीट त्याच्यासाठी नाही आणि तासांची सक्ती झाली तर तो घाईनं ऑनलाइन प्रमाणपत्रं गोळा करील. पण मी सुचवतोय ते त्याच्याच गावात आहे. सांगलीत २०१९ च्या महापुराचं पाणी कुठल्या जोत्यापर्यंत चढलं आणि कुठली भिंत नंतर किती महिने ओली राहिली, हे सांगणारी घरं तिथेच आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा कुठल्या छपराखाली सुसह्य होतो, हे चंद्रपुरातच कळेल. इंडियन इन्स्टिट्यूटच्या स्थानिक केंद्रानं दर महिन्याला पाच वर्षं जुनी एक इमारत निवडावी. तिचा वास्तुविशारद, अभियंता, गवंडी आणि तिथे राहणारी माणसं यांना एकत्र बसवावं. काय गळलं, काय तापलं, कुठला कोपरा कोणीच वापरत नाही हे बोलावं आणि दोन पानांत लिहून ठेवावं. वास्तुकला परिषदेनं त्याचे तास मान्य करावेत. खर्च चहापाण्याचा.

खरी अडचण भीतीची आहे. स्वतःची गळकी गच्ची चारचौघांत दाखवली तर दावा लागेल, कामं जातील, ही धास्ती खोटी नाही. त्यावर निदान सुरुवातीला तरी उपाय आहे: नोंदीत इमारतीचं आणि माणसांचं नाव नको, फक्त तपशील आणि कारण. आणि पहिली इमारत केंद्राच्या अध्यक्षांनी स्वतःची द्यावी.