मे महिन्यात टँकर किती?

नवीन पनवेलला घर बघायला आलेली पार्टी गाडीतून उतरता उतरता एकच प्रश्न विचारते, "इथून एअरपोर्ट किती लांब?" मी मिनिटं सांगतो. मग लिफ्टमध्ये हळूच म्हणतो, "सेक्रेटरी भेटतील वर. त्यांना एवढंच विचारा, मे महिन्यात टँकर किती लागतात." पुष्कळांना हे आवडत नाही. टाइल्स, बाल्कनी, कव्हर्ड पार्किंग सोडून ब्रोकरनेच टँकरचा विषय काढावा? पण घर घेतल्यावर ती माणसं इथेच राहणार आणि मीही इथेच राहतो. भाजी घेताना, डॉक्टरकडे, गणपतीच्या आरतीला रोज समोरासमोर यायचं. पाण्याचं त्यांना माझ्याकडून कळलेलं बरं.

एअरपोर्टवर आमच्या लाइनचं पोट किती वर्षं भरलं याचा हिशेब गमतीचा आहे. केंद्राची मंजुरी 2007 सालची, भूमिपूजन 18 फेब्रुवारी 2018 चं आणि प्रवासी विमानं सुरू झाली 25 डिसेंबर 2025 ला. म्हणजे धावपट्टी नव्हती तेव्हापासून आम्ही विमानं उडवतोय. मधल्या काळात अटल सेतू आला, 12 जानेवारी 2024 ला, आणि भाव सांगताना आमचा आवाज आणखी एक पट्टी चढला. मंजुरीच्या बातमीवर विश्वास ठेवून ज्यांनी तेव्हा फ्लॅट घेतले, त्यातले काहीजण आता रिटायर होऊन बाल्कनीत बसतात.

माझे वडील पोलादपूरहून नोकरीसाठी इकडे आले. 1998 साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि स्टेशनच्या पूर्वेला वस्ती धडाधड वाढायला लागली. मी आधी झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. लोक करारनाम्याच्या प्रती काढायला यायचे, त्या वाचता वाचता या धंद्यात आलो. मशीन मात्र काढलं नाही. गणपती मंडळाच्या बॅनरवर 'सौजन्य' म्हणून माझाही फोटो झळकतो, पण बॅनर बघून आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. झेरॉक्सला आलेली आठवतात. महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली आणि पुढे तेव्हापासूनची थकबाकी धरून मालमत्ता कराची बिलं आली. सिडकोचं सेवाशुल्क भरलंय, मग हा कर कशाचा, यावरून कॉलनी कॉलनीत वाद पेटला. तेव्हा लोक बिल घेऊन आधी माझ्याकडे यायचे. एक प्रत काढायला यायचे आणि अर्धा तास बसायचे. त्यांच्या हरकतीचे अर्ज मी लिहून दिले. त्याला समाजकार्य म्हणायचं असेल तर म्हणा. पानामागे दोन रुपये मात्र मी घेत होतो.

इथला धंदा समजायचा तर साडेबारा टक्के समजावे लागतात. सिडको 1970 ची. नव्या शहरासाठी ठाणे-रायगडातल्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला गोळीबार झाला, पाच हुतात्मे झाले. त्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आकडा ऐकायला बरा वाटतो. हिशेब मांडा: एक एकर म्हणजे 40 गुंठे, त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापतात, हातात पडतात पावणेनऊ. म्हणजे भाताच्या एका एकराचे साडेतीन गुंठे, तेही भाडेपट्ट्याने. आणि ते येईपर्यंत आजोबा गेलेले, वडील गेलेले, वारस डझनभर. कोर्टाचा वारस दाखला काढा, सगळ्यांच्या सह्या गोळा करा, बिल्डर गाठा, मग सिडको, जमीनधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार. आज नव्याने आलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर ज्या हॉलमध्ये टीव्ही लावतो, त्याच्या खाली हे सगळं असतं.

अशाच एका साडेबाराच्या प्लॉटच्या कामात मी होतो. चार भाऊ, दोन बहिणी. भावांनी बिल्डर ठरवलेला, बहिणींनी हक्कसोड करून द्यायची हेही गृहीत. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच, पण आपल्याकडे अजूनही 'ताई कशाला मागेल?' या एका वाक्यावर भागतं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर सगळे उभे. थोरली बहीण उरणकडून आलेली, साठीच्या पुढची, केसात अबोलीची वेणी, हातात पिशवी. भावाने कागद पुढे केला, "आक्का, इथं अंगठा लाव." तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मना आधी वाचून दाव बाला. मंग अंगठा."

मी वाचायला लागलो. 'कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' इथपर्यंत आलो आणि तिने थांबवलं. "मंजी मना काय नाय?" मी म्हटलं, "या कागदाप्रमाणे नाही, आक्का." भाऊ माझ्याकडे असे बघत होते की एक टक्का दलाली गेलीच म्हणून समजा. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आईबापाच्या जमिनीत मला एक खोली द्या, माहेरी आल्यावर भावजयीला विचारून झोपायला नको. त्या दिवशी नोंदणी झाली नाही. भावांचे फोन आले, शिव्याही आल्या. पुढे बिल्डरकडून वाढीव क्षेत्रात बसवून दोन्ही बहिणींना मिळून एक वन बीएचके मिळाला. भांडून मिळाला, प्रेमाने वगैरे नाही. धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे.

आता या धंद्याला परीक्षाही आहे. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट सक्तीचं केलं, 2023 च्या मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. मी नंतरच्या एका बॅचला बसलो. शेजारच्या खुर्चीवर एक काका होते. त्यांनी निम्मं पनवेल विकलं असेल, पण माउस हातात धरायला तयार नव्हते. पास झाले. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांच्याशी माझं पटत नाही. खिशात फक्त मोबाइल आणि तोंडात भाव एवढ्यावर लोकांची आयुष्याची पुंजी हलवायची सोय बंद झाली ते चांगलंच.

तरी ती पूर्ण बंद झालेली नाही. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर ओळखीने आले. हातात गुळगुळीत पत्रक: एक गुंठा, डोंगराचा व्ह्यू, सुलभ हप्ते, सातबारा नावावर. अर्धी ग्रॅच्युइटी त्यात घालायची ठरलेली.

"एनए ऑर्डर बघितलीत का?"

"ते म्हणतात होणार आहे."

"सातबाऱ्यावर नावं किती?"

त्यांनी घडी उलगडून दाखवली. सामाईक सातबारा, नावांची रांग पानभर. मी म्हटलं, "काका, यात तुमचा गुंठा कुठला, ते मोजणीवाल्यालाही दाखवता येणार नाही. शिवाय ही जमीन नैनात, म्हणजे विमानतळाभोवतीच्या सिडकोच्या नियोजन क्षेत्रात आहे. उद्या टीपी स्कीम लागली तर मूळ मालकाला 40 टक्के अंतिम भूखंड मिळतो. तुमच्या गुंठ्याचं काय होईल?" ते म्हणाले, "पण माझ्या नातवाला अंगण पाहिजे हो." याला उत्तर नाही. टोकन भरलं नव्हतं म्हणून वाचले. त्या पत्रकावर माझ्या ओळखीच्याच एका एजंटचा नंबर होता.

भाड्याचं काम पैशाने लहान, डोकेदुखीने मोठं. आमच्याच सोसायटीतला एक फ्लॅट. मालक पुण्याला. कामोठ्याला रुग्णालयात नोकरी करणाऱ्या तीन नर्स, पगाराच्या स्लिप चोख, डिपॉझिट तयार. मालक लगेच हो म्हणाले. कमिटी मात्र अडून बसली. "फॅमिली असेल तर बघू. बॅचलर मुली म्हणजे रात्री-अपरात्री येणंजाणं." मी स्वतः त्या कमिटीत आहे, त्यामुळे 'ब्रोकर आहे म्हणून बोलतोय' हेही ऐकून घेतलं. खरंच होतं ते, मला एका महिन्याचं भाडं मिळणार होतं. मी उपविधींची पुस्तिका काढली. फ्लॅट भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेली माहिती जोडायची. ना-वापर शुल्कही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. हे शेवटचं ऐकून खजिनदार जास्त भडकले, कारण ते आजवर दुप्पट लावत होते.

कराराची नोंदणी मी घरीच मशीन नेऊन केली, तिघींचे अंगठे घेतले. पहिला महिना तक्रारींचा गेला. चपला बाहेर, कपडे बाल्कनीत, आणि नाइट शिफ्टवरून येताना वॉचमन झोपलेला, गेट बंद. एक मुलगी पहाटे पाऊण तास पावसात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी सभेत म्हटलं, गेटच्या किल्ल्या करून द्या. खजिनदार म्हणाले, एक द्या, तीन कशाला? मी म्हटलं, शिफ्ट तीन आहेत.

किल्ल्या झाल्या. पहिलीचे पैसे सोसायटीने दिले, दुसरीचे मालकाने. तिसरीचे कोणी द्यायचे, हा विषय पुढच्या सभेवर ढकललाय.