दुकानाचा मॅनेजर निवडताना

साखळी दुकानांसाठी स्टोअर मॅनेजरच्या मुलाखती घेणं हे माझं अनेक वर्षांचं काम. उमेदवार समोर येऊन बसला की पॅनेलमधले बहुतेक जण सर्वात आधी त्याचं इंग्रजी जोखतात. दादरच्या बाजारासाठी माणूस निवडताना ही पद्धत साफ चुकीची आहे, असं माझं मत आहे. तिच्यापायी इथली जाणती माणसं आयुष्यभर काउंटरवरच राहिली.

मुंबईत शॉपर्स स्टॉप १९९१ साली अंधेरीत सुरू झालं, डी-मार्ट २००२ साली पवईत. दादरचा बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून भरात होता. नायगावात कामगारांनी १९४८ साली सहकारी तत्त्वावर सुरू केलेला अपना बाजार होता, रानडे रोडवर साड्यांची आणि सराफांची दुकानं होती. खासगी दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर बसायचा. नवा मुलगा ओळखीतून यायचा आणि साड्यांच्या घड्या घालता घालता धंदा शिकायचा. साखळी दुकानात मालक दिसत नाही. तिथे मालकाची नजर मॅनेजरला ठेवावी लागते, आणि ती नजर त्याच्याकडे आहे का, हे मुलाखतीत शोधायचं असतं.

त्यासाठी मी एक साधा प्रश्न ठेवलेला आहे. काल दुकानात ६०० माणसं आली आणि १५० बिलं झाली. आज ८०० आली, तरी बिलं १५०च. काय झालं असेल? पुस्तकी उमेदवार लगेच सांगतो, ‘कन्व्हर्जन पंचवीसवरून पावणेएकोणीस टक्क्यांवर आलं, स्टाफला ट्रेनिंग देऊ.’ गणित बरोबर आहे. पण मुरलेला माणूस मलाच उलट विचारतो: ‘जास्तीची माणसं किती वाजता आली? दुपारी पाऊस होता का?’ कारण पावसाची सर आली की लोक आडोशाला आत शिरतात, दारावरचा आकडा फुगतो, खरेदी होत नाही. संध्याकाळी सातनंतरची गर्दी असेल तर कारण निराळं. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे, गिऱ्हाईक डोंबिवलीचं किंवा वसईचं. बिलाची रांग लांबलेली दिसली की हातातला माल ठेवून ते गाडीकडे धावतं. अशा वेळी ट्रेनिंगचा उपयोग नाही, आणखी एक बिलिंग काउंटर उघडावा लागतो.

श्रिंकेजचंही तसंच. हिशेबात असलेला माल रॅकवर का नाही, असं विचारलं की नवखा उमेदवार चोर आणि कॅमेरे यांच्याविषयी बोलतो. जाणकार मागच्या दारापासून सुरुवात करतो: चलनावर लिहिलेले नग उतरवताना मोजले का, बारकोड चुकीचा लागला का, फाटलेला माल नोंद न करता बाजूला टाकला का.

आणि पावसाळ्याचा प्रश्न. हिंदमाताला पाणी भरलंय, लोकल रखडल्यात, तुमच्याकडच्या मुली बदलापूर-विरारच्या. काय कराल? खालच्या फळीवरचा माल वर उचलण्याचं बहुतेकांना सुचतं. मुलींना कधी सोडायचं, कोणाबरोबर सोडायचं, गाड्या बंद पडल्या तर रात्री ठेवायचं कुठे, हे आपणहून बोलणारा उमेदवार मला हवा असतो.

एका मुलाखतीची खंत आजही आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. दादरच्या साड्यांच्या काउंटरवर उमेदीची वर्षं घातलेले एक गृहस्थ आले होते. ‘लीडरशिप स्टाइल’बद्दल इंग्रजीत विचारल्यावर ते गप्प झाले. मी मराठीत विचारलं, ‘लग्नाचा बस्ता बांधायला दहा जण आले, तर तुम्ही आधी काय दाखवता?’ ते सरसावून बसले. ‘आधी आहेराच्या साड्या उरकतो. त्यात बजेट कळतं, आणि घरात शब्द कोणाचा चालतो तेही कळतं. शालू मग काढतो. तोवर मंडळी स्थिरावलेली असतात.’ गिऱ्हाइकाची पारख, बिलाचा अंदाज, कामाचा क्रम, सगळं या चार वाक्यांत होतं. तरीही त्यांना नकार गेला: इंग्रजी कच्चं, शिवाय पगाराची स्लिप नाही.

ही स्लिप फार माणसांना अडवते. पगार रोखीत घेतला की अनुभव कागदावर येतच नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानाला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, हे प्रत्येक सेल्समनला ठाऊक हवं. या निधीचा यूएएन क्रमांक असेल तर नोकरीचा पुरावा तिथेच सापडतो.

उमेदवारही एक गोष्ट विचारायला कचरतात: सुट्टी. दादरची दुकानं पूर्वापार सोमवारी बंद. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस धंदा करायला मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली. ऐन दिवाळीच्या आठवड्यात ती पाळी कशी लावायची, हे मॅनेजरच्या कामातलं अवघड काम आहे. तुमच्याकडे सुट्ट्यांचा तक्ता कसा लावतात, असं मुलाखतीत विचारणाऱ्याला मी एक गुण जास्तच देते.

कंपन्यांना माझी विनंती आहे की, शेवटची फेरी केबिनमध्ये घेऊ नका. शनिवारी संध्याकाळी उमेदवाराला तासभर दुकानात फिरवा आणि काय दिसलं ते त्याला त्याच्या भाषेत सांगू द्या. आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माझ्या भावाबहिणींनो, महिन्याची विक्री, सरासरी बिल, हाताखालची माणसं, मालमोजणीतला फरक, हे आपले आकडे आजपासून एका वहीत लिहायला लागा. पुढच्या मुलाखतीला ती वही सोबत न्या आणि खुर्चीत बसताच विचारा, ‘मी मराठीत उत्तर दिलं तर चालेल ना?’