काँग्रेस गवत उपटताना

आईच्या हाताची कातडी म्हशीच्या कातड्यागत जाड नि काळी झाली होती. मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या वळणातही तसंच. रात्र रात्र खाजवायची. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लाव. आई म्हणायची, "बाहेरचंच हाय. पर भूत न्हाई, गवत हाय."

आई करमाळ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती नि बाप पुण्यात आले. पर्वतीच्या उतारावर पत्र्याचं खोपट टाकलं. बाप हमालीला. आई १९८३ पासून एका ठेकेदाराकडे. काम काय, तर गाजर गवत उपटायचं. एका मोठ्या संस्थेचं आवार होतं, एकरांनी मोजावं असं. दरसाल पावसाळा सरता सरता तिथल्या साहेबांना पांढरी फुलं दिसायची. मग कागद हलायचे, मग टेंडर, मग ठेकेदार वस्तीत यायचा. कोणत्या वस्तीत ते तुम्हाला सांगायला नको. अठरा बाया होत्या. अठराच्या अठरा बौद्ध नि मातंग. मुकादम तेवढा आपला नव्हता. हातमोजे एकाच माणसाकडे होते, मुकादमाकडे. तो फक्त ढीग मोजायचा.

शाळेच्या सुट्टीत मीही जायचो. तेव्हा वाटायचं, गवत उपटणं म्हंजे काय काम आहे? दुसऱ्या वर्षी माझीही मान लाल झाली. आईने मला पुन्हा नेलं नाही. ती मात्र जात राहिली.

पुढे मी ह्या गवताबद्दल मिळेल ते वाचलं. ते मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताकडचं. पुण्यात ते उगवल्याची नोंद राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५६ साली केली. नंतर ते देशभर फोफावलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं लोक सांगतात. काँग्रेसच्या राज्यात आलं, फुलं टोपीसारखी पांढरी, म्हणून नाव पडलं काँग्रेस गवत. एका रोपाला हजारोंनी बी धरतं. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने कातडी बिघडते. एकदा का अंगाने धसका घेतला की नुसतं वाऱ्यावर आलेलं बारीक कूसही पुरतं. पुण्यातल्या अशा रुग्णांवर डॉक्टरांचा लेख १९७४ साली लंडनच्या नियतकालिकात छापून आला होता. म्हंजे आई कामाला लागली त्याच्या नऊ वर्षं आधी हे शहाण्यांना माहीत होतं. पर्वतीच्या उतारावर मात्र ते कुणी कळवलं नाही.

मित्रांनो, आता ह्यातली खरी गोम बघा. हे गवत उपटायची एक वेळ असते. पाऊस पडून माती ओली असताना आणि फूल धरायच्या आत. तेव्हा मूळ सहज निघतं, बी पडत नाही, अंगालाही कमी बाधतं. आईला हे पहिल्याच वर्षी कळलं. तिने मुकादमाला सांगितलं, "दादा, आखाडात बोलवा आमाला. फुलल्यावर उपटून उपेग न्हाई. आपण उपटत न्हाई, पेरतोय." मुकादम हसला. म्हणाला, फुलं दिसल्याबिगर साहेब बिल काढत नाही.

म्हंजे गवत फुलणार, मग आम्ही उपटणार, उपटताना बी झडणार, पुढच्या साली पुन्हा टेंडर. ठेकेदाराची सोय, साहेबाची सोय. कातडी अठरा बायांची. जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. मी ते पुस्तक फार उशिरा वाचलं. पण त्याचा अर्थ मला त्या आवारात कळलेला होता.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. मी आता टेकडीवर काम करतो. तिथे काही मंडळी देशी झाडोरा परत आणायचं काम करतात, मी रोजावर आहे. वनीकरणात लावलेलं गिरिपुष्प विरळ करायचं, घाणेरी खणून काढायची, गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, पावसाच्या तोंडावर तिथे टाकळ्याचं बी फेकायचं. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. वर कोवळ्या पाल्याची भाजी होते. मेक्सिकोतला एक भुंगाही १९८४ सालापासून आपल्या देशात सोडलेला आहे, तो पावसात ह्या गवताची पानं खातो. पण भुंगा सगळं करत नाही. हात लागतातच.

एकदा तिथल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्हाला पवन्या, मारवेल, कुसळी इतकं बिनचूक कसं ओळखता येतं?" मी म्हणालो, आईने शिकवलं. "आणि त्यांना?" मी म्हणालो, वेठीने. आजा महारकीत होता. सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्याला गवत नि चुलीला फाटा आणून टाकायचा, हे आमच्या घराकडे होतं. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेलं. गवताची नावं तेवढी राहिली. गृहस्थ काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले नि माझ्याकडून नावं उतरून घेतली. खाली माझं नाव लिहा म्हणालो. लिहिलं.

दुसरे एक जण भाषणात म्हणाले, परक्यांना मुळासकट उपटलं पाहिजे, मूळच्यांचंच राज्य आलं पाहिजे. टाळ्या पडल्या. माझे हात वर आले नाहीत. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला ही भाषा कुठून कुठे जाते ते माहीत असतं. मिरची बाहेरूनच आली. तिला कोण उपटतो? गाजर गवत उपटायचं ते परदेशी म्हणून नाही. ते दुसऱ्या कशाला उगवू देत नाही आणि माणसाची कातडी खातं म्हणून. हा हिशेब आईचा आहे आणि तो मला पुरतो. ह्या हिशेबाने बघितलं तर गावात अस्सल देशीही पुष्कळ काही उपटायजोगं आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर माझी भाची सांगत आली. तिच्या वस्तीत ठेकेदार आला होता. गवत उपटायचं काम, बाया पाहिजेत. मी विचारलं, हातमोजे? म्हणाली, त्याचं काही बोलला नाही. फुलं आलीत का? म्हणाली, पांढरं धोप झालंय.

चाळीस वर्षांनी तेच.

म्हणून मी भाचीबरोबर गेलो. ठेकेदाराला चार गोष्टी सांगितल्या. मोजे नि पूर्ण बाह्यांचे सदरे दे. तोंडाला बांधायला कापड दे. ज्या बाईला खाज सुटेल तिला त्याच पगारात दुसरं काम दे. आणि पुढच्या साली जुलैत बोलव. तीन कबूल केल्या. चौथीला म्हणाला, बिल निघणार नाही.

चौथीसाठी मी त्या ऑफिसात अर्ज देणार आहे. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो हे मला ठाऊक आहे. पंधरा-वीस पोरं बरोबर आली तर साहेबाला खिडकीतून फुलांच्या आधी माणसं दिसतील. तुमच्या वस्तीतही अशा बाया असणार. त्यांचे हात एकदा बघून घ्या आणि या.